वईतला झोपाळू : डॉरमाउस



उंदीर म्हटला की शेतकऱ्याच्या कपाळाला आठी पडते, आणि त्यात नवल नाही. कणगी कुरतडणारा, भुईमुगाच्या शेंगा बिळात ओढून नेणारा, आणि पावसाळ्यात खाचरातल्या चिखलातून लेप्टोचा ताप पसरवणारा प्राणी कोणाला आवडेल? उंदीर-घुशींचा बंदोबस्त हा आपल्या ह्या पानाचा नेहमीचाच विषय. आज मात्र त्याच कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या वर्गातील अशा एका जिवाविषयी लिहायचे आहे, की जो शेतकऱ्याच्या कणगीला तोंड लावत नाही. उलट शेतकऱ्याच्या हातच्या कामामुळेच तो शेकडो वर्षे सुखाने जगला, आणि शेतकऱ्याने ते काम सोडून दिल्यावर नाहीसा होऊ लागला.

हा प्राणी आपल्याकडचा नव्हे. तो इंग्लंड आणि वेल्समधला, तसाच युरोपातील इतर अनेक देशांतला. पण त्याच्या बाबतीत जे घडले ते बांध, वई, सरपण आणि मजुरी ह्यांच्याशी निगडित आहे. त्यामुळे ते समजायला आपल्याला फार लांब जावे लागणार नाही.

त्याचे इंग्रजी नाव हेझल डॉरमाउस. हेझल हे एक झुडूपवजा झाड. महागड्या चॉकलेटात काजूसारखा जो गोल दाणा दाताखाली येतो तो ह्याच झाडाचा. डॉरमाउस ह्याला मराठीत शब्द नाही, आणि असण्याचे कारणही नाही. परंतु लॅटिनमध्ये ‘दोर्मिरे’ म्हणजे झोपणे. त्यावरून फ्रेंचमध्ये आणि तेथून इंग्रजीत हे नाव आले असावे, असे मानतात. आपण त्याला झोपाळू म्हटले तरी चालेल.

झोपाळूचे शरीर अंगठ्यापेक्षा थोडेसेच लांब, आणि जवळजवळ तेवढीच शेपूट. वजन पंधरा ते वीस ग्रॅम, म्हणजे भुईमुगाच्या आठ-दहा शेंगांइतके. रंग पिकलेल्या भाताच्या लोंबीसारखा सोनेरी. डोळे मिऱ्याच्या दाण्यासारखे काळे आणि टपोरे. घरातल्या उंदराची शेपूट उघडी आणि खवल्यांची असते. ह्याची मात्र खारीसारखी केसाळ असते, आणि खारीप्रमाणेच तो फांद्यांवर वावरतो. वसंत ऋतूपासून पानगळीपर्यंत तो जमिनीवर सहसा पाय ठेवत नाही. दिवसा घरट्यात झोपायचे आणि अंधार पडला की एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर जायचे, असा त्याचा क्रम. घरटेसुद्धा पाहण्यासारखे असते. हनीसकल नावाच्या वेलीची साल तो सोलून काढतो, तिच्या बारीक दोऱ्या विणून चेंडूसारखा गोळा करतो आणि बाहेरून हिरवी पाने लावतो.

आता त्याच्या पोटाविषयी थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण पुढची सगळी हकीकत त्यावर अवलंबून आहे. गाय पाला खाऊन जगते, ससाही जगतो, कारण पाला पचवण्याची सोय त्यांच्या पोटात असते. बहुतेक कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या आतड्यालाही त्यासाठी एक पिशवी असते. झोपाळूला ती पिशवीच नाही. म्हणून सगळे रान हिरवेगार असले तरी त्या हिरव्याचा त्याला उपयोग नाही. त्याला फुले लागतात, परागकण आणि मध लागतो, किडे-अळ्या लागतात, फळे लागतात आणि शेवटी हेझलचा तेलकट दाणा लागतो. वसंतात हॉथॉर्न नावाच्या काटेरी झुडपाची फुले, नंतर ओकचा मोहर, मग हनीसकल आणि ब्रॅम्बलची फुले. ब्रॅम्बल म्हणजे आपल्या करवंदीसारखी काटेरी जाळी, तिला काळी गोड फळे धरतात. भर उन्हाळ्यात फुले संपून फळे पिकायची असतात, तेव्हा अळ्या आणि मावा. ऑगस्ट-सप्टेंबरात ब्रॅम्बलची फळे आणि हेझल. ह्या साखळीतील एक कडी निखळली तरी मधले दोन-तीन आठवडे उपाशी जातात. एवढासा जीव अन्नासाठी मैलभर भटकू शकत नाही. म्हणून ही सर्व झाडे, झुडपे आणि वेली त्याला एकाच जागी, एकमेकांना लागून हव्या असतात. एकच पीक घेणाऱ्या शेतकऱ्याला एका हंगामाचा दगा पुरतो, मिश्र पिकवाला तरून जातो, हे आपल्याला ठाऊक आहे. झोपाळूला जन्मतःच मिश्र पीक लागते.

दाणा खाऊन खाऊन शरद ऋतूच्या अखेरीस त्याचे वजन जवळजवळ दुप्पट होते. मग थंडी पडली की तो जमिनीवर उतरतो, पालापाचोळ्याखाली किंवा झाडाच्या बुंध्याशी ओलसर जागी बारीक घरटे करतो आणि शेपूट तोंडावर घेऊन गोळा होऊन पडतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत, कधी मेपर्यंत, तो उठत नाही. अंगाची ऊब भोवतालच्या मातीइतकी खाली येते, श्वास आणि नाडी अगदी मंद होतात, आणि साठवलेली चरबी थेंबाथेंबाने जळत राहते. उन्हाळ्यातसुद्धा एखादी रात्र फार गार किंवा पावसाची गेली की तो काही तास असाच निजून शक्ती वाचवतो.

ह्या झोपेवरून जर्मन लोकांनी झोपाळूच्या एका मोठ्या भाऊबंदाला ‘सात झोपणारे’ असे नाव दिले आहे, कारण तो वर्षातले सात महिने झोपतो. योगायोग असा की ख्रिस्तसभेत ‘एफेससचे सात झोपणारे’ अशी एक फार जुनी कथा आहे. सम्राट डेशियसच्या छळाच्या काळी, सुमारे इसवी सन २५० मध्ये, सात ख्रिस्ती तरुण गुहेत लपले आणि गुहेचे तोंड चिणले गेले. ते झोपी गेले, आणि जागे झाले तेव्हा दुसरा थिओडोसियस राज्यावर होता व नगरात उघडपणे क्रूस उभा होता. जर्मनीत ह्या सात जणांचा दिवस २७ जूनला येतो, आणि तेथील शेतकरी म्हणतात की त्या दिवशी जसे आभाळ तसेच पुढे सात आठवडे राहते. आपल्याकडे मृगावरून अंदाज बांधतात, तसेच हे. पोप तेरावे ग्रेगरी ह्यांनी १५८२ साली पंचांग दुरुस्त केले आणि तारखा दहा दिवसांनी सरकल्या, तेव्हा खरा अंदाज जुलैच्या पहिल्या आठवड्यावरून बांधावा, असे जाणते लोक सांगतात. दिवसाचे नाव कथेवरून आले आणि प्राण्याचे त्याच्या झोपेवरून. पण खेड्यातल्या माणसाच्या मनात दोन्ही एकत्र झाली असली तर त्यात वावगे काय?

ह्याच मोठ्या भाऊबंदाला रोमन लोक खात असत. ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकातील वॅरो ह्या लेखकाच्या शेतीवरील ग्रंथात त्याला पाळण्यासाठी मातीचे रांजण कसे करावेत हे दिले आहे. आत चढायला कडा, खायला ओकची फळे, अक्रोड आणि चेस्टनट, आणि वरून झाकण, म्हणजे अंधारात प्राणी लवकर लठ्ठ होतो. स्लोव्हेनियात तर त्याची शिकार आजही होते. तेथील वाल्वासोर ह्याने १६८९ साली छापलेल्या ग्रंथात, सैतान ह्या प्राण्यांना रात्री गुरांसारखे चरायला नेतो अशी लोकसमजूत नोंदवलेली आहे. आपला हेझल झोपाळू मात्र ताटात घेण्याइतका मोठा नाही. त्याला कोणी मारत नव्हते. आणि हेच ध्यानात ठेवायचे आहे, कारण पुढे जे झाले ते बंदूक, सापळा किंवा विष ह्यांनी झालेले नाही.

इंग्लंडमधील खेड्यांत पूर्वीपासून रान राखण्याची एक पद्धत होती. हेझलसारखे झाड हिवाळ्यात जमिनीलगत कापायचे. मुळे जिवंत असल्यामुळे वसंतात त्या बुंध्यातून दहा-वीस सरळ फुटवे येतात, आणि काही वर्षांनी ते कापायला मिळतात. उसाचा खोडवा आपण ठेवतो, त्यातलाच हा प्रकार. फरक एवढाच की उसाचे एक-दोन खोडवे घेऊन आपण बेणे बदलतो, आणि हेझलचा बुंधा असा कापत राहिले तर शेकडो वर्षे टिकतो. सगळे रान एकदम कापत नसत. त्याचे वाटे पाडलेले असत, दरवर्षी एक वाटा कापायचा आणि सात ते पंधरा-वीस वर्षांनी पुन्हा त्याच वाट्यावर यायचे. त्या काठ्यांचे मेंढ्यांसाठी ताटवे होत, गवती छपराच्या खुंट्या होत, अवजारांचे दांडे होत, उरलेल्याचा कोळसा होई. कापलेल्या वाट्यात ऊन पडे, ब्रॅम्बल आणि हनीसकल माजे, आणि शेजारच्या वाट्यांत पाच-दहा वर्षांचे हेझल दाण्यांनी लगडलेले असे. म्हणजे झोपाळूला हवी असलेली सगळी साखळी माणसाच्या कोयत्याने आपोआप तयार होई. कोणी त्याच्यासाठी हे करीत नव्हते. माणूस आपल्या पोटासाठी राबत होता, आणि त्या राबण्यात ह्या जिवाचे घर उभे राहत होते.

रान जेथे संपे तेथून वई सुरू होई. इंग्लंडमधील शेताला तारेचे नव्हे तर जिवंत झुडपांचे कुंपण असे. हॉथॉर्न, ब्लॅकथॉर्न, हेझल, मेपल, मध्येच एखादा ओक, आणि सगळ्यावर चढलेल्या वेली. वई विरळ झाली की गडी थंडीत तिचे खोड बुडाशी अर्धवट कापून आडवे वाकवीत, म्हणजे ते मरत नाही आणि त्यातून उभे फुटवे येऊन वई पुन्हा दाट होते. हे कसबी काम होते आणि भागाभागाची त्याची वेगळी तऱ्हा होती. झोपाळूला ह्या वया म्हणजे एका रानातून दुसऱ्या रानात जाण्याचे रस्ते, आणि चांगली रुंद वई असली तर राहायची जागासुद्धा.

मग ही दोन्ही कामे थांबली. रानाचे काम हळूहळू थांबले. खाणीतला कोळसा घरोघर आला, ताटव्याच्या जागी तार आली, लाकडी दांड्याच्या जागी कारखान्याचा माल आला, आणि तरुण माणसे शहराकडे गेली. न कापलेले हेझल उंच वाढले, वरचे मोठे वृक्ष पसरले, खाली अंधार झाला. अंधारात ब्रॅम्बल मरते, हनीसकल फुलत नाही, हेझलला दाणे धरत नाहीत. लांबून पाहणाऱ्याला रान पूर्वीपेक्षा भरगच्च दिसते, ‘बघा, केवढे जंगल वाढले’ असे तो म्हणतो. आतून मात्र झोपाळूच्या दृष्टीने ते रिकामे झालेले असते. रान न तोडणे म्हणजेच रान राखणे, असे मानणाऱ्या शहरी मंडळींनी ह्या एका गोष्टीवर थोडा विचार करावा, असे मला प्रामाणिकपणे वाटते. सगळीकडेच कापणी योग्य असे मी म्हणत नाही. आपल्या घाटातील सदाहरित रानाला कुऱ्हाड लावणे वेगळे, आणि पिढ्यान् पिढ्या कापून राखलेले रान पुन्हा कापणे वेगळे.

वईचे काम मात्र हळूहळू थांबले नाही, ते मोडून काढण्यात आले. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडला धान्यटंचाईची झळ लागली होती. युद्धानंतर अधिक पिकवा, मोठी यंत्रे चालवा, लहान शेते एक करा, असे धोरण आले, आणि वई उपटण्यासाठी शेतकऱ्याला सरकारी अनुदान मिळू लागले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात देशातील सुमारे निम्म्या वया गेल्या असे मानले जाते. आज त्याच देशात वई लावण्यासाठी सरकार अनुदान देते! शेतकऱ्याला दोष द्यायला सगळे पुढे असतात. पण त्याने ज्या वर्षी जे केले ते त्या वर्षी शहाणपण म्हणूनच त्याला शिकवले गेले होते, हेही सांगायला हवे.

ज्या वया राहिल्या त्यांचेही हाल झाले. कसबी गड्याच्या जागी ट्रॅक्टरला जोडलेले झोडपणी यंत्र आले. ते दरवर्षी वईचा माथा आणि बाजू साफ झोडपून काढते. दिसायला वई नीटनेटकी दिसते. पण हॉथॉर्नला फूल येते ते आदल्या वर्षीच्या फांदीवर, आणि ती फांदी दर हिवाळ्यात कापली गेली तर फूल नाही, फळ नाही. आंब्याचा शेंडा दरवर्षी मोहोराआधी छाटला तर काय मिळेल? तसेच ते.

एखाद्याला वाटेल की उंदरासारख्या प्राण्याची जात, एवढ्याने कशी संपेल? पुन्हा भराभर पिल्ले होतील. येथे झोपाळू आणि उंदीर ह्यांच्यातला खरा फरक दिसतो. घरातली उंदरीण तीन आठवड्यांत वितेते, एका वेळी सहा-आठ पिल्ले देते, आणि ती पिल्ले दोन-तीन महिन्यांत स्वतः पिल्ले द्यायला लागतात. झोपाळूची मादी वर्षातून एकदा, फार तर दोनदा विते. पिल्ले साधारण चार-पाच. ती सहा-आठ आठवडे आईजवळ राहतात, आणि पुढच्या वर्षापर्यंत वीत नाहीत. त्यातही उशिरा जन्मलेल्या पिल्लांना थंडीपूर्वी अंगावर चरबी चढवायला वेळ पुरत नाही, आणि पुष्कळशी पहिल्याच हिवाळ्यात दगावतात. चांगल्यातल्या चांगल्या रानातसुद्धा हेक्टरी दहाच्या वर झोपाळू क्वचितच असतात. म्हणजे पाच-सहा हेक्टरांच्या एकाकी रानात सगळे मिळून मूठभर जीव. एक वाईट साल आले की ते संपतात, आणि वई मोडलेली असल्यामुळे शेजारच्या रानातून दुसरे येत नाहीत. उघड्या शेतातून पलीकडे जाण्याचे धाडस तो सहसा करीत नाही. अशा रीतीने एकेक रान, कोणाच्या लक्षातही न येता, विझत गेले.

बाकीची संकटे थोडक्यात सांगतो. उत्तर अमेरिकेतील करडी खार १८७६ च्या सुमारास हौसेखातर इंग्लंडच्या बागांत सोडण्यात आली. ती हेझलचा दाणा कच्चा असतानाच खाऊन टाकते, तो पिकायची वाट पाहणाऱ्या झोपाळूला काही उरत नाही. हरणांची संख्या फार वाढली आहे, कारण त्यांना खाणारे लांडगे तेथे केव्हाच संपले, आणि कापलेल्या बुंध्याचे कोवळे फुटवे हरणे फस्त करतात. शिवाय हवामान. हिवाळा उबदार झाला की आपल्याला वाटेल त्या प्राण्याचे बरेच झाले. तसे नाही. अवेळी ऊब लागली की तो जागा होतो, जागा झाला की चरबी जळते, आणि बाहेर तर फूल ना फळ. पुरवून पुरवून खायची बेगमी मार्गशीर्षातच संपावी, तशी त्याची गत होते.

रात्री वावरणारा आणि अर्धे वर्ष निजणारा हा प्राणी मोजायचा कसा? इंग्लंडमधील लोकांनी त्याची युक्ती काढली. झोपाळू हेझलचे कवच फोडतो तेव्हा भोकाची आतली कड गुळगुळीत होते, आणि दातांच्या खुणा भोकाभोवती बाहेरून तिरप्या उमटतात. रानउंदराने फोडलेल्या कवचाच्या कडेवर दातांच्या उभ्या रेघा असतात. खार तर कवचाचे सरळ दोन तुकडे करते. १९९३ साली हजारो सामान्य लोकांनी, त्यांत शाळकरी मुलेही होती, रानोमाळ हिंडून रिकामी कवचे गोळा केली, आणि त्यावरून झोपाळू कोठे उरला आहे त्याचा नकाशा तयार झाला. पॉल ब्राइट आणि पॅट मॉरिस ह्या संशोधकांनी ह्या कामात पुष्कळ श्रम घेतले. त्याशिवाय झाडांना लाकडी पेट्या टांगतात. पक्ष्यांच्या पेटीचे भोक बाहेर तोंड करून असते, झोपाळूच्या पेटीचे मात्र खोडाकडे, म्हणजे पक्ष्यांना ती सोयीची वाटत नाही आणि खोडावरून येणारा सहज आत शिरतो. शेकडो स्वयंसेवक परवाना घेऊन ह्या पेट्या तपासतात आणि वजने लिहून ठेवतात. परवाना लागतो, कारण १९८१ च्या कायद्याने ह्या प्राण्याला तेथे संरक्षण आहे.

त्या नोंदींचा निष्कर्ष वाईट आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार २००० सालापासून ब्रिटनमधील झोपाळूंची संख्या ७० टक्क्यांनी घटली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपासून इंग्लंडच्या २० परगण्यांतून तो पूर्णपणे गेला आहे. कायद्याचे संरक्षण असतानाही संख्या घटते, ह्याचे कारण उघड आहे. मारू नका असे कायदा सांगू शकतो, पण रानात जाऊन कोयता चालवायला तो कोणाला लावू शकत नाही.

परत आणण्याचे प्रयत्न चालू आहेत. १९९३ पासून एक हजाराहून अधिक पाळीव झोपाळू, ज्या रानांतून ते गेले होते तेथे सोडण्यात आले. आधी प्राणिसंग्रहालयात त्यांची वैद्यकीय तपासणी होते, कारण एखादा रोग नव्या रानात जाऊ नये. मग जूनच्या सुमारास जोडी जोडीने जाळीच्या पिंजऱ्यात घालून तो पिंजरा झाडालाच बांधतात, आत खाणे देतात, आणि काही दिवसांनी दार उघडतात. जेथे रस्ता किंवा रेल्वे रान कापते तेथे झाडांच्या उंचीवर जाळीचे पूल बांधले आहेत. जपानमध्ये यामाने नावाचा त्यांचा स्वतःचा झोपाळू आहे, तेथेही असे पूल आहेत. आणि वईसाठी नियम झाले. १९९७ पासून इंग्लंड व वेल्समध्ये शेतावरची वई काढण्याआधी स्थानिक परिषदेला कळवावे लागते, आणि २०२४ पासून इंग्लंडमध्ये १ मार्च ते ३१ ऑगस्ट ह्या काळात शेतवई कापण्यास, काही अपवाद सोडता, मनाई आहे. हा शेवटचा नियम मुख्यतः पक्ष्यांच्या घरट्यांसाठी झाला, पण झोपाळूलाही त्याचा लाभ होतो. जाणकार शेतकऱ्यांना सांगतात की वई दरवर्षी न कापता तीन वर्षांतून एकदा कापा, तीही सगळी एकदम नको, आणि फळे खाऊन संपल्यावर, थंडीच्या शेवटी. ह्यात खर्च वाढत नाही, उलट डिझेल वाचते.

एक प्रश्न आपल्यातला कोणीतरी विचारीलच की फादर, ह्या पंधरा ग्रॅमच्या जिवावाचून कोणाचे काय अडले? खरे सांगायचे तर बाजाराच्या हिशेबाने काही अडले नाही. पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ ह्या परिपत्रकात ह्या प्रश्नाला हात घातला आहे. प्राण्यांच्या जाती ह्या केवळ आपल्या उपयोगाच्या वस्तू नव्हेत, त्यांना स्वतःचे मोल आहे, आणि आपल्यामुळे नाहीशी झालेली जात आपल्या असण्याने देवाचा गौरव करायची थांबते, असा त्यांच्या शिकवणुकीचा आशय. मला आणखी एक गोष्ट जाणवते. उत्पत्तीच्या पुस्तकात देव माणसाला बागेत ठेवतो तो दोन कामांसाठी, मशागत करण्यासाठी आणि राखण करण्यासाठी. पुष्कळांना ही दोन कामे परस्परविरोधी वाटतात, एक शेतकऱ्याचे आणि दुसरे वनखात्याचे. झोपाळूच्या रानात ती दोन्ही एकाच कोयत्याने होत होती.

आता आपल्याकडचे. आपल्या सह्याद्रीच्या दक्षिण भागात, कर्नाटकात कोडगूकडे आणि तेथून खाली केरळ-तमिळनाडूच्या घाटांत, एक प्राणी आहे त्यालाही इंग्रज लोक डॉरमाउस म्हणत, मलबारचा काटेरी डॉरमाउस. एडवर्ड ब्लाइथ ह्यांनी १८५९ साली त्याचे शास्त्रीय वर्णन केले. खरे तर तो झोपाळूच्या कुळातला नाही. त्याचे जवळचे नातलग चीन आणि व्हिएतनामकडे आहेत. पण शेपटीला तसाच केसांचा झुबका, वावर तसाच रात्रीचा आणि झाडांवरचा. पाठीवर चपटे, टोकदार काटे असतात. रानफळे, बिया आणि मिरी तो खातो. मिरीच्या बागांत त्याला चोर म्हणतात, आणि ताडीच्या मडक्यांवरही त्याचा डोळा असतो! त्याचे बिऱ्हाड जुन्या झाडांच्या ढोलीत असते. जुने, पोकळ झाड म्हणजे ‘निकामी लाकूड’ म्हणून ते आधी तोडले जाते, आणि घाटातले रान तुटून मळे होत गेले, तसे त्याचे बिऱ्हाड उठत गेले. जागतिक यादीत त्याची नोंद ‘असुरक्षित’ अशी आहे. इंग्लंडच्या झोपाळूला कापलेले रान लागते, ह्याला न कापलेले. म्हणून एका देशाचा उपाय दुसऱ्या देशात जसाच्या तसा चालत नाही, आणि रान कोणते व तेथे कोण राहतो हे आधी पाहावे लागते.

आपल्या वयांत कोण राहते हे कोणी नीट लिहून ठेवलेले मला तरी मिळाले नाही. जुन्या शेतांना शेर, निवडुंग, घायपात, निरगुडी, मोगली एरंड, करवंद ह्यांची कुंपणे होती, आणि त्यांच्या जागी सिमेंटचे खांब आणि काटेरी तार येत आहे. ज्यांच्याकडे जुनी वई अजून उभी आहे त्यांनी येत्या पावसाळ्यापूर्वी एकदा तिच्या कडेने चालत जावे. कोणती झाडे आणि वेली आहेत, कोणत्या महिन्यात कशाला फूल-फळ येते, मुंगूस, खार, भारद्वाज ह्यांपैकी कोण दिसते, हे मुलांकडून वहीत लिहून घ्यावे. नावे आपल्या गावातली, आजी-आजोबा सांगतील तीच लिहावीत. हे कागद रविवारच्या मिस्सानंतर सॅक्रिस्टीत आणून द्यावेत. जमतील तेवढ्या याद्या ह्या पानावर छापू.